बिटाच्या साखरेचं गाव

रविवारी दुपारी फोनच्या काचेत वर्षाराणी टॉवेलनं केस पुसत होती, आणि तिच्या गळ्यात काही नव्हतं. डाळीतला खडा दिसावा आणि बोट पोचेपर्यंत पुन्हा डाळीत बुडावा, एवढाच वेळ. स्वेटरचा गळा एका बाजूला ओघळला, मानेपासून खांद्यापर्यंतची जागा मोकळी दिसली, मग टॉवेल आडवा आला. ती बोलतच होती. "आई, आज ऊन पडलंय बघ हितं," म्हणत तिनं फोन खिडकीकडं फिरवला. आमच्याकडं ज्याला आभाळ आलंय म्हणतात त्याला ती ऊन म्हणत होती. लाल कौलांची छपरं, त्यामागं पानं झडलेलं एक झाड, त्यामागं धुराडं. मी म्हणाले, "छान हाय." मला झाड नको होतं, धुराडं नको होतं, फोन परत तिच्याकडं फिरायला हवा होता. तो फिरला तेव्हा टॉवेल गळ्याभोवती नीट बसला होता, लग्नात नवरदेवाच्या मामाला उपरणं बसतं तसा. मी विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "अगं हितं सकाळ हाय. तू रोज तेच इचारतीस." मग तिच्या वडलांनी फोन घेतला. यांचं नाव गुंडप्पा, पण लेक झाल्यापासून ती म्हणते तेच मीही मनात म्हणत आले, आप्पा. आप्पांनी फोन नाकाला लावून तिला सांगितलं की अभ्यास कर. तिचा अभ्यास संपून नोकरी लागली, हे त्यांना ठाऊक आहे, पण लांबच्या लेकराला दुसरं काय सांगतात ते त्यांना सुचत नाही.

आमच्यात, लिंगायतांत, लेकरू जन्मलं की जंगम, म्हणजे आमचा गुरू, घरी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधतो. अंगठ्याच्या पेराएवढं, चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं. ते मग अंगावरच राहतं. आंघोळ झाली, केस कोरडे झाले, की डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, डोळे मिटायचे, परत गळ्यात घालायचं, आणि मग पहिला घास. त्याआधी पाणीसुद्धा नाही. माणूस गेला की तेच लिंग त्याच्या हातात देतात आणि त्याला मातीत बसवतात. मधे काढून ठेवायची सोय जुन्या लोकांनी ठेवलेली नाही. बाकीच्यांना देव घरात कोंडून, शेजारणीला दिवा लावायला सांगून गावाला जाता येतं. आमचा देव सोबत येतो. वर्षा विमानात बसायला हैदराबादला गेली तेव्हा तिथल्या शिपायानं डबीवर बोट ठेवून विचारलं, इसमें क्या है? ही म्हणाली, भगवान. तो म्हणाला, ट्रे में रखो. म्हणून देव चपलांच्या मागून मशीनमध्ये गेला आणि पुढून बाहेर आला. ही गंमत तिनं फोनवर सांगितली, मी हसले, पण आप्पांना दोन घास कमी गेले. शेवटी मठातल्या स्वामींना विचारून आले. स्वामी म्हणाले, ज्यानं इख पचवलं त्याला मशीनचं काय. तेव्हा कुठं हे पोटभर जेवले.

तर मी मनाला सांगितलं, आंघोळ करून आली होती, पूजेला काढलं असेल. हे समाधान रविवारची भांडी घासून होईपर्यंत टिकलं. आमच्या घरात केस ओले ठेवून पूजेला कुणी बसत नाही. तिला मीच तसं वळण लावलेलं. म्हणजे केस पुसताना ते गळ्यात असायला हवं. मग म्हटलं, स्वेटर जाड, दोरा आत राहिला असेल. पण दोरा आत राहायला मान तर लागते, आणि मान मी पूर्ण पाहिली होती. मग म्हटलं, फोनमध्ये बारीक वस्तू नीट दिसत नाहीत. पण तिच्या हनुवटीवरचा तीळ दिसला होता. ताटातलं खरकटं घासताना एकेक समाधान असं नळाखाली निघून जात होतं आणि मी नव्यानं राख लावत होते. आमच्याकडं अजून राख लागते, लिक्विड आप्पांना आवडत नाही. विचारायचं तर एका फोनचं काम होतं. पण विचारलं आणि ती 'न्हाई' म्हणाली, तर ते न्हाई माझ्या घरात येऊन राहणार. न विचारता ते निदान तिकडं तरी होतं. आणि नुसतं डबीचं असतं तर गोष्ट वेगळी. सोनं हरवतं, पायातली जोडवी नदीत जातात. हे गेलं तर पोरगी आमची राहिली का, आणि तिकडचं काम संपलं की ती कुणाकडं म्हणून परत येईल, एवढं सगळं त्या मोकळ्या जागेत मला दिसलं होतं.

माजलगावात आमचं दुकान स्टँडकडून मोंढ्याला, म्हणजे धान्यबाजाराला, जाणाऱ्या रस्त्यावर. दोर, ताडपत्री, पत्र्याच्या पेट्या, बॅटऱ्या, मीठ, बिडी, आणि जाणाऱ्या माणसाला जे जे लागतं ते. दिवाळीच्या आसपास पाटोद्याकडच्या, शिरूरकडच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला निघतात. कुणी कोल्हापूरकडं जातं, कुणी कर्नाटकात, आणि काहीजण आमच्याच धरणाखालच्या उसात उतरतात. त्यांना हंगामाला जाणारी माणसं म्हणायचं आणि आपण गल्ल्यावर बसायचं, असं मला सासरी आल्यापासून वाटत आलं. जाणारे ते, देणारे आम्ही. ताडपत्री मोजून देताना मी कितीदा म्हटलं असेल, बाई, लेकराला जप, तिकडं थंडी लई. सांगायला सोपं जायचं. कारखाना सुरू झाला की संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर मळीचा वास दुकानात येतो, गोड आणि कुजका. वर्षा इथल्या कारखान्याच्या लॅबमध्ये होती तेव्हा तो वास तिच्या केसात असायचा. मी म्हणायचे, केस धू, तुझ्याजवळ बसलं की मुंग्या येतील. मग ती पुढं शिकायला लिथुआनियात गेली, आणि तिथल्याच एका गावात तिला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम मिळालं. तिथं ऊस नाही, बिटाची साखर करतात. बिटं शेतातून यायला लागली की कारखाना पेटतो आणि मोठी थंडी पडून गेली की विझतो. म्हणजे तीही हंगामालाच गेली, मी फक्त तो शब्द वापरत नव्हते.

गावाचं नाव केदाइनियाई. आप्पांच्या तोंडात ते मावत नाही, म्हणून ते सरळ केदार म्हणतात. गिऱ्हाइकांना सांगतात, पोरगी केदारला असते. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारपणाआधीच देवाला लागली. सोमवारी मी मीठ मागणाऱ्याला साखर बांधून दिली तेव्हा आप्पा म्हणाले, "कुठं ध्यान हाय तुझं?" मी म्हणाले, "केदारला." ते म्हणाले, "माझं बी," आणि पुडी सोडून परत बांधली. त्यांचं ध्यान तिकडच्या थंडीत होतं, माझं मानेवर. पण त्यांना सांगणं म्हणजे स्वामींना सांगणं, स्वामींना सांगणं म्हणजे उमापूरच्या नणंदेला सांगणं, आणि नणंदेला सांगितलं की मग फोनची गरज नाही.

मी शाळेत सातवीपर्यंत. पुढचं सगळं पुड्या बांधायच्या कागदावर शिकले, त्यामुळं मला कुठल्याच गोष्टीचा शेवट माहीत नाही. तो भाग हळदीबरोबर कुणाच्या तरी घरी गेलेला असतो. आता फोन आहे. फोनवर त्या गावाची माहिती मराठीत येते, मशीननं केलेली, मोडक्या खुर्चीसारखी. बसता येतं, टेकता येत नाही. पोलिस चौकीत जाऊन बसणाऱ्या बाईसारखी मी त्या माहितीत जाऊन बसू लागले. हे गाव माझ्या पोरीला ओळखतं, तर ह्यानं सांगायला पाहिजे. गाव म्हणालं, मी नेवेझिस नदीच्या दोन्ही काठांवर आहे. म्हटलं, असशील. आमची सिंदफणा धरणात अडकून बसली आहे, तुझी मोकळी वाहते आणि थंडीत गोठते, म्हणजे शेवटी दोघी सारख्याच. गाव म्हणालं, माझ्याकडं खताचा मोठा कारखाना आहे, साखरेचा आहे, आणि अख्ख्या देशात माझ्या काकड्या नावाजलेल्या आहेत, उन्हाळ्यात इथं काकडीची जत्रा भरते. काकडीची जत्रा भरवणारं गाव वाईट कसं असेल, असं वाटून मला घटकाभर बरं वाटलं. मग गाव म्हणालं, आसपासची सगळी खेडी धरून माझ्या तालुक्यात माणसं किती, तर आमच्या एकट्या माजलगावातही जवळपास तेवढीच निघतील. आणि तीही दर वर्षी कमी होतात. कुठं जातात? इंग्लंडला, नॉर्वेला, दुसऱ्यांच्या कोंबड्या कापायला, दुसऱ्यांची फळं तोडायला. गल्ल्यावर बसून मी हे दोनदा वाचलं. म्हणजे तिथली माणसं हंगामाला जातात आणि त्यांच्या हंगामाला माझी पोरगी. जगात गल्ल्यावर बसलेलं गाव तरी कुठलं, हे काही फोन सांगेना.

नकाशात वरून पाहिलं तर गावाच्या कडेला पांढरा डोंगर दिसतो. मला बर्फ वाटला. पण चित्रात बाकी सगळं हिरवं, शेतं हिरवी, नदीकाठ हिरवा, आणि बर्फ तेवढ्याच जागी कसा पडेल. मग क्षणभर साखर वाटली, हसूही आलं. वर्षाला कधीतरी विचारलं होतं, ती म्हणाली, खत करून उरलेल्या चुन्यासारख्या मातीचा ढीग, वर्षानुवर्षं साचलेला. मला तो ढीग रात्री नाही, दिवसाच दिसायचा. पोत्यातून मीठ काढताना, विभूतीची डबी उघडताना. पांढरं दिसलं की तो. गावात म्हणे एक मिनार पण आहे, मशीद नसलेला, कुणा लष्करी साहेबानं आपल्या बागेत हौसेनं बांधलेला. चर्च आहेत. आणि जुन्या बाजारात ज्यू लोकांची दोन देवळं, दगडी, भक्कम. त्यांत आता कुणी प्रार्थना करत नाही. त्या गावातली ती सगळी माणसं, बायका-लेकरांसकट, हिटलरच्या लढाईच्या काळात गावाबाहेर नेऊन मारली. एका दिवसात. आता तिथं चित्रं लावतात, गाणी होतात. हे वाचत होते तेव्हा समोर एक माणूस डांबरगोळ्या मागत उभा होता, आणि त्याला त्या द्यायला मला उशीर झाला. माणसं जातात आणि देवाच्या भिंती राहतात, हे तिथल्या लोकांनी पाहिलं. आमच्या जुन्या लोकांनी भिंतच नको म्हटलं. देव माणसाच्या अंगावर, माणूस गेला की देव गेला, मागं काही उरायला नको. पण माणूस राहिला आणि देव गेला, तर त्या उरलेल्या माणसाला काय म्हणायचं, ह्याचा नियम मला कुठं सापडेना. डांबरगोळ्यांचा माणूस म्हणाला, "वैनी, कागदात नका बांधू, तसंच द्या." मी त्याच्या हातात तशाच दिल्या.

मधे तिचा फोन येऊन गेला. गळ्याला मफलर. नंतर पुन्हा आला, तेव्हाही मफलर, आणि घरात आत बसलेली असताना. मी विचारलं, "घरात बी मफलर?" ती म्हणाली, "हीटर बारीक केलाय." आप्पा मागून म्हणाले, "मोठा कर की मग," आणि तिघंही हसलो. हसताना मी तिच्या मफलरकडं पाहत होते आणि ती बहुतेक माझ्याकडं. फोनमध्ये नजरेला नजर मिळत नाही. तिच्या डोळ्यांत पाहायला जावं तर ते आपल्या कपाळाकडं पाहत असतात. त्यामुळं आम्हा दोघींची चांगली सोय झाली होती.

बाजारच्या दिवशी सुंदरबाई आली. पाटोद्याकडची, यंदा नवऱ्याबरोबर इथल्याच फडात ऊस तोडते. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं. ती आली की दुकानात जागा कमी पडते, एकटी असली तरी. "काय वैनी, पोरगी काय म्हनती?"

"हाय तिकडंच. साखर कारखान्यात."

"तिकडं बी ऊसच का?"

"बीट. मुळ्यावानी जमिनीत असतंय. त्याची साखर निघती."

"आगं आई. मंग उपटायला लई वाकावं लागत आसंल."

"मशीन उपटतंय."

"आन् गाडी भरायला?"

"ते बी मशीनच."

सुंदरबाईनं मिठाच्या पोत्यावर हात टेकला. "मंग तुमच्या पोरीला कावून नेलं?"

"बिटात साखर किती हाय ते बघायला."

"चाटून?"

"हां. चाटून," मी म्हणाले, कारण लॅबमधलं मला तरी कुठं कळतं.

ती हसली तेव्हा शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, आणि तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. आठवडाभर मी बायकांचे गळे पाहत होते, त्यातला हाही. नवरा तर बाहेर मोटरसायकलवर बसून बिडी ओढत होता, धडधाकट. मी विचारलं, "सुंदरे, मणी कुठंयत?"

"डब्यात. कोपीवर." कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची त्यांची झोपडी. तिनं गळ्याला हात लावला, जसं काही आता आठवलं. "फडात घालून काय करता? पाचट गुतती, वडलं की तुटलं. येकदा तुटलंतं. सम्दा फड हुडकला, निम्मे बी मनी घावले न्हाईत. तवापसून डब्यात. लग्नाकार्याला घालते."

"मालक काई म्हनत न्हाईत?"

"त्याच्या गळ्यात काय हाय म्हनून त्यो म्हनंल?" असं म्हणून तिनं मीठ उचललं. बाहेर जाऊन तिनं नवऱ्याच्या पाठीवर पिशवी आपटली, तो काहीतरी बोलला, ही आणखी काहीतरी बोलली, आणि मोटरसायकल निघून गेली. मला वाटलं, हिला विचारायला काहीच लागलं नाही. विचारलं, तिनं सांगितलं, मीठ घेतलं. आणि मी एका मानेवरून लिथुआनियाचा इतिहास वाचत बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा मोंढ्यात गेले होते. रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून चालला होता. तो जाईपर्यंत दुकानात कुणी येणार नव्हतं. मी पदराखाली हात घातला आणि दोरा मानेवरून वर काढला. हे मी ठरवलं नव्हतं, म्हणजे सकाळपासून ठरवत होते पण स्वतःला सांगितलं नव्हतं. कानाला दोरा अडकला, सोडवला. काउंटरवर कोरा कागद पसरून त्यावर डबी ठेवली. अंगावर असते तेव्हा ती मोठी वाटते. कागदावर काजूएवढी दिसली. हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. हलकं वाटलं नाही. जडही वाटलं नाही. मी वाट पाहत बसले. काय होणार होतं ते मला माहीत नव्हतं, पण काहीतरी होईल, निदान छातीत धडधडेल, आठवेल की आई म्हणायची लिंग सुटलं तर बाई श्वाससुद्धा दुसऱ्याचा घेते. मी श्वास घेऊन पाहिला. मळीचा वास आला. एक माशी डबीवर बसली, पाय घासले, उडाली. एक पोरगी येऊन शॅम्पूची पुडी घेऊन गेली. तिला कागदावरची डबी दिसली, विकायची वस्तू समजून तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग मला भूक लागली. शेजारी शेंगदाण्यांचं पोतं उघडं होतं. मी मूठ घेतली आणि खाल्ली. शेंगदाण्याची चव शेंगदाण्यासारखीच होती. भीती वाटली ती तेव्हा. काही बिघडलं असतं तर मी दोरा चटकन गळ्यात घातला असता, देवाची माफी मागितली असती, संध्याकाळी मठात नारळ फोडला असता, सगळं जागच्या जागी. आता कशाची माफी मागू? ट्रॅक्टरचं गाणं लांब गेलं होतं. मी डबी कपाळाला लावली, दोरा गळ्यात घातला. तेवढ्या वेळात तो गार पडला होता, आणि मानेला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

तशीच, हात न धुता, मीच फोन लावला. नेहमी तिचा येतो. तिनं घाबरून उचलला. "आप्पा बरे हायेत ना?"

"बरे हायेत. मोंढ्यात गेलेत. तुझी कामाची पाळी कधी हाय?"

"रात्री. का गं?"

समोर टेबलावर कापलेला काळसर पाव होता, ताटलीत काकडीच्या चकत्या. मफलर नव्हता, पण झिप हनुवटीपर्यंत लावलेली. मी म्हणाले, "गळ्यात हाय का?"

"काय?"

"वर्षा."

ती खाली बघत राहिली. आईच्या गप्प बसण्याला पोरी घाबरतात म्हणतात. लांबून ते काम करत नाही. मग ती म्हणाली, "न्हाई."

आलं घरात. मला वाटलं होतं तसं ते आपटून आलं नाही, पावणं येतं तसं चप्पल काढून आलं. ती सांगत होती. लॅबमध्ये अंगठी, साखळी, गळ्यात-हातात काही चालत नाही, सगळ्यांना तोच नियम. तिच्या वरची बाई वयस्कर, चांगली. तिनं हिला शिवलेली कापडी पिशवी दिली, म्हणाली, तुझा देव यात ठेव. हंगामाच्या सुरुवातीला ही ती पिशवी आतल्या खिशाला पिनेनं लावायची. मग लॉकरमध्ये ठेवू लागली, घरी येताना घालायची. "येकदा सुट्टीच्या आदल्या दिवशी तिथंच विसरले. घरी आल्यावर ध्यानात आलं. कारखान्यात परत जायचं तर बस न्हाई. त्या दिवशी मी पाणीबी पिले न्हाई, आई. नुसती खिडकीत बसून ऱ्हायले. दुसऱ्या दिवशी दुपारी दूध पिले. मंग पाव खाल्ला. मंग झोप लागली." ती थांबली. "काहीच झालं न्हाई. त्याचंच भ्या वाटलं."

मी काउंटरवरच्या कोऱ्या कागदाची घडी घातली.

"फेकलं न्हाई गं. कपाटात हाय, तुझ्या रुमालात. रोज बघते. घालायला उचललं की वाटतंय, आता घातलं तर ते आधीचंच हाय का हे नवीन. तुला कळतंय का मी काय म्हनते?"

"कळतंय."

"तुला कसं कळंल?" तिचा आवाज चढला, रडू येण्याआधी तिचा चढतो, लहानपणापासून. "तू कधी काढलंयस का?"

"काढलं. आत्ताच. तू उचलायच्या आधी."

काचेतला तिचा चेहरा फोन अडकल्यासारखा थांबला. मला वाटलं, रेंज गेली. "तू?" ती म्हणाली. "मंग?"

"मंग शेंगदाणे खाल्ले."

ती हसायला लागली. तोंडावर हात, खांदे हलतात, आवाज नाही, मग एकदम आवाज. हसता हसता डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा "शेंगदाणे" म्हणाली आणि पुन्हा हसली. मी हसले नाही, पण मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय ह्याचा थोडा रागही येत होता. असं दोघींना मिळून कळलेलं कुठं ठेवायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी म्हणाले, "जरा उजेडाला ये." ती खिडकीशी गेली. "झिप काढ." तिनं काढली. मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारी बारीक फिकट रेघ होती, इथल्या उन्हात दोऱ्याखाली राहिलेली कातडी. जन्मल्यापासूनची. मला वाटलं, तिकडं ऊन नाही, म्हणजे ही रेघ काळवंडायची नाही, राहील. मग लक्षात आलं, ऊन नाही म्हणजे भोवतीची कातडीही हळूहळू तशीच फिकट होणार, आणि रेघ पुसायला कुणाला काही करावंच लागणार नाही. "दिसलं?" ती म्हणाली. "आई, काय करू? तू म्हन, तसं करते." आणि हे तिनं मनापासून म्हटलं होतं, हेच मोठं अवघड होतं. मी घाल म्हणाले असते तर तिनं घातलं असतं, माझ्यासाठी. माझ्यासाठी घातलेला देव किती दिवस देव राहिला असता?

बाहेर आप्पांची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला. "कुणाचा फोन? केदारचा?" ते पायरीवरूनच म्हणाले.

"गळा झाक," मी तिला म्हणाले.

तिनं झिप हनुवटीपर्यंत ओढली. आप्पा माझ्या खांद्यावरून वाकले, त्यांच्या अंगाला मोंढ्यातल्या धुळीचा आणि मिरचीचा वास. फोन माझ्या हातातून काढून घेतला नाही, माझ्या हातासकट स्वतःकडं वळवला. "किती गुंडाळून बसलंय लेकरू. लई थंडी हाय का?"

"लई हाय, आप्पा."

"पूजा झाली?"

ती काचेत पाहत होती. माझ्याकडं का त्यांच्याकडं, ते कळायला मार्ग नव्हता. तिचे ओठ उघडले. मी म्हणाले, "झाली तिची. मी इचारलं आत्ताच."

"मंग जेव," आप्पा म्हणाले. "उपाशी नको ऱ्हाऊ, माय. जेव आमच्या म्होरं."

वर्षानं पावाचा तुकडा तोडला, त्यावर काकडी ठेवली, आणि आम्हा दोघांच्या देखत खाल्ला. आप्पा ती चावून गिळेपर्यंत बघत होते. मग म्हणाले, "आनखी घे."

तिनं आणखी घेतला.